मेन स्विचची किल्ली

सरावकाका हे नाव त्यांना इमारतीनं दिलं आणि त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं. नोकरीत असताना ते एका कारखान्याच्या भांडाराचे प्रमुख होते; कुठला नट कुठल्या खणात आहे, हे डोळे मिटून सांगायचे. निवृत्तीनंतर खण गेले, सवय राहिली. मग एका वादळात विजेचे खांब आडवे झाले, तीन दिवस सगळी वस्ती अंधारात चाचपडली आणि काकांना उरलेल्या आयुष्याचं काम सापडलं.

घरात प्रत्येक खोलीला एक टॉर्च आला आणि तो अंधारात सापडावा म्हणून शेजारी आणखी एक छोटा टॉर्च. काकूंच्या कपाटाचा खालचा कप्पा मेणबत्त्यांनी बळकावला. पिण्याचं पाणी पलंगाखाली गेलं. एवढ्यावर थांबते तर ते चारचौघांसारखे निवृत्त गृहस्थ ठरले असते. पण नुसत्या वस्तूंनी काही होत नाही, माणसं तयार पाहिजेत, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यामुळे महिन्यातून एकदा, कुणालाही न सांगता, ते तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत जाऊन इमारतीचा मेन स्विच खाली ओढायचे. यालाच सराव म्हणत.

सरावाचे नियम जिन्याच्या भिंतीवर चिकटवलेले होते. फ्रीज उघडायचा नाही. इन्व्हर्टर लावायचा नाही, कारण काकांच्या मते ती परीक्षेतली कॉपी होती. बॅटरी वाचवायची म्हणून कुणी कुणाला फोन करायचा नाही. आणि सराव केव्हा संपणार, हे विचारायचं नाही. खरा अंधार काय सांगून संपतो? लोकांनी सुरुवातीला कुरकुर केली, मग सवय लावून घेतली. पंखा थांबला की ‘काका’ एवढंच म्हणून माणसं पुस्तक उघडायची किंवा आडवी व्हायची. मीटरच्या खोलीच्या किल्ल्या दोन होत्या. एक काकांकडे, दुसरी तळमजल्यावर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरांकडे. आपण बाहेरगावी असलो तर सरावात खंड पडू नये, म्हणून काकांनी ती त्यांच्या गळ्यात मारली होती.

काकू घरी आइस्क्रीम करून विकत. आजवर वाढदिवसांपुरतं चालायचं. यंदा पहिल्यांदा एका शाळेनं स्नेहसंमेलनाची अख्खी ऑर्डर दिली होती, आणि चव पसंत पडली तर वर्षभराचं काम देऊ, असं मुख्याध्यापक बाईंनी सांगितलं होतं. काकूंनी काकांकडे दोनच गोष्टी मागितल्या. फ्रीजरच्या दाराचं रबर सैल झालंय, ते बदला. आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी सराव नको. दुसऱ्या गोष्टीचा काकांनी शब्द दिला. पहिलीला ते गेले कित्येक महिने नुसतं ‘बघतो’ म्हणत होते.

त्या दिवशी काकू सकाळीच शाळेत मांडामांड करायला गेल्या. त्या गेल्या आणि थोड्या वेळानं वीज गेली.

काका खुर्चीतच होते. त्यांनी खिडकीतून पाहिलं. समोरच्या औषधाच्या दुकानातला पंखा फिरत होता, रस्त्यावर सगळीकडे वीज होती. म्हणजे आपल्याच इमारतीची गेली. म्हणजे सराव. आपण तर केला नाही, म्हणजे डॉक्टरांनी केला. काकांना भरून आलं. दिवस चुकीचा निवडला खरा, त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. पण पहिल्यांदाच स्वतः होऊन पुढाकार घेतलेल्या माणसाला मध्येच अडवणं त्यांना बरं दिसेना. शिवाय फ्रीजरचं दार बंद आहे, नियम पाळला जातोय, काही होत नाही. खाली डॉक्टरांनी खुर्चीत आ वासून बसलेल्या पेशंटला, आमच्या काकांचा सराव चाललाय, असं सांगून दातात कापूस भरला आणि घरी पाठवलं. वरच्या मजल्यांवर माणसं आडवी झाली. सगळी इमारत शिस्तीत, एका सुरात, काहीही न करता बसली होती. असा सराव आजवर झाला नव्हता.

दुपार कलताना काकू टेम्पोवाल्याला फाटकात थांबवून वर आल्या, तेव्हा घरात पंखा बंद आणि नवरा प्रसन्न होता.

“शब्द दिला होतात,” त्या म्हणाल्या.

“मी नाही केलं. डॉक्टरांनी केलंय. काय शिस्त आहे बघ.”

“कधीपासून?”

“तू गेलीस ना, तेव्हापासून.”

काकूंनी फ्रीजर उघडला आणि लगेच लावला. मग त्या जिना उतरून दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरांना, स्विच वर करा, म्हणाल्या.

डॉक्टर चक्रावले. “मी कशाला बंद करीन, काकू? माझं मशीन पेशंटच्या तोंडात होतं.”

दोघांनी मीटरची खोली उघडली. मेन स्विच वरच होता. सकाळपासून त्याला कुणी हातही लावला नव्हता.

काकूंनी तिथूनच वीज कार्यालयाला फोन लावला. पलीकडच्या माणसानं शांतपणे सांगितलं की, तुमच्या खांबावरचा फ्यूज उडाला असणार, दहा मिनिटांचं काम आहे, पण तुमच्या इमारतीतून दिवसभरात एकही तक्रार आलेली नाही. आम्हाला वाटलं, सगळं ठीक आहे.

काका तोवर खाली पोचले होते. काही तरी बोलावं म्हणून ते म्हणाले, “पण कुणी घाबरलं नाही, हे मान्य कर.”

काकूंनी फोन त्यांच्या हातात दिला. “शाळेत लावा. बाईंना सांगा, आइस्क्रीमचं दूध झालं. आणि हा सराव नाही, हेही सांगा.”

काकांनी फोन केला. बाई सभ्यपणे बोलल्या. वर्षभराच्या कामाबद्दल काही बोलल्या नाहीत, नंतरही नाहीत.

फ्रीजरचं रबर त्याच संध्याकाळी बदललं गेलं. त्याला काकांना चहा गार व्हायला लागतो त्याहूनही कमी वेळ लागला. दोन्ही किल्ल्या आता काकूंच्या जुडग्यात आहेत, आणि वाढदिवसाच्या ऑर्डरी त्या समोरच्या औषधाच्या दुकानातल्या फ्रीजरमध्ये ठेवतात. पंखा थांबला की अख्खी इमारत एकदम वीज कार्यालयाला फोन लावते. लोकांमध्ये केवढी जागृती झाली, असं काका भेटेल त्याला सांगतात.