औसा आणि निलंगा एकाच रंगात

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमचं लग्नही नवंच होतं. माझं माहेर नांदेडचं. नवरा मुखेडजवळच्या एका खेड्यातला. नांदेडला आमच्याच गल्लीत खोली घेऊन त्यानं आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. आधीची ओळख असल्यामुळं आम्ही दोघं घरात एकमेकांना 'तू' म्हणायचो; सासरी गेलं की मी गुपचूप 'अहो'वर यायचे. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत त्याला ट्रेसरची, म्हणजे नकाशे उतरवून काढायची, नोकरी लागली आणि मला एका शाळेत विज्ञान शिकवायची. लातुरात आम्ही भाड्यानं खोली घेतली. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली सतरंजी, एक स्टोव्ह. संसार एवढाच.

एके दिवशी तो कचेरीतून आला तो चप्पल न काढताच उंबऱ्यावर बसला.

"काय झालं?"

"औसा गायब केला मी," तो म्हणाला.

जिल्ह्याचा मोठा नकाशा साहेबांच्या खोलीत लागणार होता. प्रत्येक तालुका वेगळ्या रंगात दाखवायचा. रंग उस्मानाबादच्या जुन्या कचेरीतून आलेले, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाटेत गळून गेलेल्या. त्यानं औसा हिरवा आणि निलंगा तपकिरी करायचं ठरवलं, आणि दोन्ही तालुके एकाच बाटलीतून तपकिरी रंगवले. रंगवून झाल्यावर लांब उभा राहून बघितला, त्याला नकाशा छान वाटला. मग हेड ड्राफ्ट्समन आले आणि म्हणाले, "अहो, हे काय? औसा कुठं गेला? निलंग्यानं गिळला का?" सगळी कचेरी हसली. सगळ्यांना दिसतंय ते आपल्याला का दिसत नाही, हे त्याला कळेना.

मी लगेच चहा टाकायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मला आधी प्रश्न सुचले. दहावीला मी डोळा शिकवायची. फळ्यावर आकृती काढायची, भिंग, बाहुली, मागं दृष्टिपटल. 'दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात, दंडपेशी आणि शंकूपेशी. शंकूपेशींमुळे रंग कळतात.' परीक्षेत येतं म्हणून पोरं पाठ करायची. रंगांधळेपणावर दोन ओळी होत्या, त्या मी वाचून पुढं जायची. आणि तसा माणूस माझ्याच घरात जेवत होता.

भिंतीवर फोटोंच्या वर पंचशील ध्वज लावलेला होता. मी म्हटलं, "यातले रंग सांग बरं."

"निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारिंगी," तो धडाधड बोलला.

मी ध्वज काढला आणि असा दुमडला की लाल आणि नारिंगी एवढेच दोन पट्टे दिसतील. "आता यातला लाल कुठला?"

त्यानं दोन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "क्रम मोडलास तू," तो म्हणाला. "निळा मला कुठंही ओळखू येतो. पिवळाही. बाकीचे मी जागेवरून ओळखतो."

त्या संध्याकाळी मी पेटीतल्या साड्या काढल्या, दोऱ्यांची रिळं काढली, शेवटी टोपलीतले टोमॅटोही मांडले. लग्नातला माझा हिरवा शालू त्याला कायम मातकट वाटत आला होता.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, मातकट रंगालाच बायका हिरवा म्हणत असतील. लग्नात कोण भांडतं?"

मी खूप हसले. मग तोही हसला, पण थोडंच. नोकरीची भीती त्याच्या मनात होती.

हेड ड्राफ्ट्समननी त्याला सरकारी दवाखान्यात डोळे दाखवून यायला सांगितलं. मी शाळेतून रजा काढून बरोबर गेले. काळजी होतीच, पण त्याहून जास्त उत्सुकता होती. डोळ्यांच्या डॉक्टर वयस्क बाई होत्या. त्यांनी रंगीत ठिपक्यांची चित्रं असलेलं एक पुस्तक उघडलं. ठिपक्यांमध्ये मला ठळक आकडा दिसे, त्याला नुसते ठिपके. पान उलटलं की तेच. शाळेत कॉपी पकडणारी मी इथं मनातल्या मनात त्याला कॉपी पुरवायला बघत होते. मग एका पानाला मी अडले. मला कुठं काहीच दिसेना. तो मात्र सहज म्हणाला, "पाच."

"कुठाय पाच?" मी विचारलं.

"हा काय," त्यानं बोटानं गिरवून दाखवला.

डॉक्टरबाई हसल्या. "हे पान तसंच आहे. तुम्हाला रंगांचे फरक दिसतात, त्या गर्दीत आकडा हरवतो. यांना ते फरक दिसत नाहीत, म्हणून आकडा सापडतो."

त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत पहिल्यांदा जरा उजेड आला.

मी विज्ञान शिकवते म्हटल्यावर डॉक्टरबाई खुलल्या. पेशंट कमी होते. त्यांनी एका कागदावर दृष्टिपटल काढलं आणि मी चक्रावलेच. मला वाटायचं, प्रकाश आत येतो आणि सिनेमाच्या पडद्यावर पडावा तसा शंकूपेशींवर पडतो. तसं नव्हतंच. प्रकाश टिपणाऱ्या पेशी सगळ्यात मागं, भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. त्यांच्यापुढं दुसऱ्या पेशींचे थर आणि बारीक तंतूंचं जंजाळ, आणि प्रकाशाला त्या सगळ्यांतून वाट काढत मागं जावं लागतं.

"उलटं बसवलंय की हे!" मी म्हटलं.

"उलटंच. पण चालतं." मग त्या म्हणाल्या, "आणि ह्याला पडदा म्हणू नका पोरांना. पडदा काही करत नाही. हे काम करतं. प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोट्यवधी, आणि मेंदूकडं जाणारे तंतू त्या मानानं फार थोडे. सगळं जसंच्या तसं कसं पाठवणार? म्हणून मधल्या पेशी शेजारच्या शेजारी तुलना करतात. इथं उजेड, तिथं अंधार, म्हणजे इथं कड आहे. रंगांचंही तसंच. एका जातीचा शंकू किती पेटला आणि दुसऱ्या जातीचा किती, यातला फरक पुढं जातो. यांच्या दोन जातींच्या शंकूंचं उत्तर जवळजवळ एकच येतं. मग लाल काय आणि हिरवा काय, फरक उरतच नाही."

"औषध?" त्यानं विचारलं.

"नाही. पण डोळे चांगले आहेत तुमचे. आणि अंधार पडला की शंकू थांबतात, नुसते दंड चालतात. तेव्हा तुम्ही आणि तुमच्या बाई, दोघांनाही रंग नाहीत."

निघताना त्या म्हणाल्या, हे आईकडून येतं. आईला स्वतःला सहसा काही नसतं, पण तिच्या वडिलांना असू शकतं. आता मला घरी बसवेना. पुढच्याच सुट्टीत आम्ही एसटीनं मुखेडला निघालो.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. खिडकीतून बघत मी म्हटलं, "सगळं कसं करपून गेलंय."

"हो ना," तो म्हणाला. "तुरीची पानं वळलीत. कडा आत गेल्यात."

मी करपलेपण रंगावरून ओळखलं होतं, त्यानं पानाच्या कडेवरून. त्यानं ती तूर दाखवली नसती तर तिची पानं अशी मुडपलेली आहेत हे माझ्या लक्षातही आलं नसतं.

सासूबाई अंगणात सरपण फोडत होत्या. पाणी प्यायलो, बसलो, आणि मी सरळ विचारलं, "आत्याबाई, तुमच्या वडिलांना लाल-हिरवं ओळखू यायचं का?"

त्यांनी कुऱ्हाड बाजूला ठेवली. "तुला कुणी सांगितलं? माह्या बापाला न्हाई कळायचं. मिरच्या तोडाया गेला की हिरव्या, पिकल्या, समद्या एकाच टोपल्यात. माय लई वरडायची. मग बोटानं दाबून बघायचा. पिकलेली नरम लागते नव्हं."

मी त्यांना डॉक्टरबाईंनी सांगितलेलं समजावलं. त्या लेकाकडं वळल्या. "म्हंजी माह्याकडून आलं का ह्याला?"

मला वाटलं, आता जिवाला लावून घेतील. मी घाईनं म्हटलं, "तुम्ही काही केलं नाही हो. तुमच्या वडिलांचं तुमच्या हातून पुढं गेलं, एवढंच."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "माह्या बापाचा फोटो बी न्हाई आमच्यापाशी. कायतरी ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी लेकाचा चेहरा दोन्ही हातांनी धरून त्याचे डोळे जवळून बघितले, लहान मुलाचे बघावेत तसे. तो लाजला.

नोकरी गेली नाही. हेड ड्राफ्ट्समन तोंडानं फटकळ, पण माणूस सरळ होता. रंगाचं काम त्यांनी दुसऱ्याकडं दिलं आणि याच्याकडं काळ्या शाईच्या रेघा ठेवल्या. तेवढ्यात टंचाईची कामं सुरू झाली. कुठल्या गावाला टँकर, कुठं विहीर ताब्यात घेतली, कुठं अजून पाणी टिकून आहे, याचे नकाशे रोज बदलायला लागले. मूळ नकाशा लाल, हिरवा, पिवळा असा सुंदर निघे. पण तालुक्यांना पाठवायच्या प्रती अमोनियाची वाफ देऊन काढलेल्या, एकाच जांभळट रंगाच्या. लाल आणि हिरवा, दोन्ही तिथं सारखेच.

"साहेब, प्रत बघणाऱ्या सगळ्यांचे डोळे आता माझ्यासारखे झाले," तो हेड ड्राफ्ट्समनना म्हणाला. "रंग कशाला? रेघा मारू. टँकरच्या गावांना जाळी, विहिरीवाल्यांना तिरप्या रेघा, बाकी कोरं."

त्यांनी एक नकाशा तसा करून बघू दिला. प्रती काढल्या, सगळं स्वच्छ वाचता आलं. त्या उन्हाळ्यात टंचाईचे सगळे नकाशे रेघांचेच गेले. घरी येऊन त्यानं हे सांगितलं ते अगदी शांतपणे, टँकरवरून आणलेली घागर उतरवत. पण त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला.

शाळेत पुढच्या वर्षी डोळ्याचा धडा आला तेव्हा मी आकृती नेहमीची काढली आणि शेजारी डॉक्टरबाईंनी दाखवलेली काढली. पुस्तकात नव्हती. पडदा हा शब्द मी वापरला नाही. कधी नव्हे ते मुलं वहीत लिहायचं सोडून बघत राहिली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, मला लाल दिसतो तसाच तुम्हालाही दिसतो, हे कशावरून?"

मी खडू खाली ठेवला. वर्गात खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलेलं होतं. "मला माहीत नाही," मी म्हटलं. "दोघींचे शंकू सारखेच पेटत असतील, एवढं मोजता येईल. पुढचं मला सांगता येत नाही."

"मग कुणाला सांगता येतं?"

तास संपल्याची घंटा झाली, पण कुणी उठलं नाही. आम्ही मधली सुट्टी निम्मी त्यावरच बोलत बसलो.