फायरवॉलला हळदकुंकू

दसऱ्याला आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये यंत्रांची पूजा होते. चालू यंत्राला हळदकुंकू लावायचं नाही, असा मालकांचा नेम, म्हणून आधी सगळं बंद करायचं. लॅबचा कम्प्युटरवाला मी. उत्साहाच्या भरात मी फायरवॉलचा डबाही बंद केला. इंटरनेटवर लॅबमधून काय जाईल नि काय नाही, हे तो डबा ठरवतो. त्याला कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, मग चालू केला.

दुसऱ्या दिवशी एकही रिपोर्ट बाहेर जाईना. रिपोर्ट तयार झाला की तो डॉक्टरांना मेल करणारी स्क्रिप्ट मीच लिहिली होती. ती मेल सर्व्हरला हाक मारायची, वाट बघायची आणि 'टाइम आउट' लिहून गप्प व्हायची.

थांबलेल्या रिपोर्टांत एक माझ्या बायकोचा होता. तिच्या छातीत गाठ लागली होती. त्या गाठीचा तुकडा आमच्याच लॅबमध्ये तपासला होता. तिच्या डॉक्टरीणबाई सणाला नागपूरला गेलेल्या. मेलवर रिपोर्ट पाहून फोन करते, म्हणाल्या होत्या.

फाइल माझ्यासमोर होती. मी ती उघडली नाही. कोणी याला शिस्त म्हणेल, पण मी भ्यालो होतो, एवढंच.

मालक डोकावून विचारून गेले, "क्यों भैया, कितना टाइम?" पाहून राहिलो, म्हटलं. काय पाहून राहिलो होतो? पासवर्ड बदलला, स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा वाचली, मेल कंपनीला मनात शिव्या घातल्या. आणि चूक सापडली नाही की आत कुठेतरी बरंच वाटायचं. लाइन बंद आहे तोवर गाठ ही नुसती गाठच होती. एवढं मन लावून मी आयुष्यात कधी हळू काम केलं नसेल.

शेवटी लॅपटॉपला मोबाइलचं इंटरनेट जोडलं आणि तोच सर्व्हर आणि तोच पोर्ट, म्हणजे मेल जायचं दार, तपासला. झटक्यात जोडला गेला. म्हणजे सर्व्हर ठीक होता, अडवत होता तो आमचाच डबा. मेलसाठी तो पोर्ट उघडा ठेवायचा नियम मीच कधीतरी त्यात घातला होता, पण सेव्ह करायचा राहिला होता. पूजेसाठी डबा बंद केला, नियम पुसला गेला.

नियम पुन्हा टाइप केला. एंटरवर बोट ठेवून तसाच बसलो. मालकांच्या चपला वाजल्या, तेव्हा कुठे दाबलं. नियम सेव्ह केला, स्क्रिप्ट चालवली. रिपोर्ट एकामागून एक जाऊ लागले. तिचा गेला तसा मी उठून स्कूटरची किल्ली उचलली.

घरी फोन करायची हिंमत झाली नाही. लॅबपासून घरापर्यंत, नेपियर टाउनहून अधारतालपर्यंत, स्कूटर कशी चालवली, आठवत नाही. बायको ओट्यापाशी मेथी निवडत होती. मी दारातच उभा.

"आला होता बाईंचा फोन," ती वर न बघता म्हणाली. "साधी गाठ आहे म्हणे. काढून टाकू म्हणाल्या, भ्यायचं काही नाही."

मी खुर्चीत बसलो. माझा सगळा पराक्रम तिला सांगितला, पूजेसकट. तिनं तो शेवटपर्यंत ऐकला.

"एवढी घाई काहून केली तुम्ही?" ती म्हणाली. "आणखी एक दिवस बंद राहिलं असतं तं मलाही चाललं असतं."