‘खालीवर’ साप्ताहिक आणि माझी आत्या

माझी आत्या एका मोठ्या ऑफिसात टायपिस्ट होती. एका लांबट खोलीत अठरा जणी ओळीने बसायच्या आणि दिवसभर दुसऱ्यांची पत्रं टाइप करायच्या. आत्याची जागा खिडकीपासून तिसरी. तिने लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. ती आमच्याकडेच, मधल्या खोलीत राहायची. बाबांची ती थोरली बहीण. तिच्यासमोर बाबासुद्धा चप्पल नीट जोडीने काढून ठेवायचे.

मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी ऑफिसने जुनी टाइपरायटर यंत्रं मोडीत काढली. साहेबांना विचारून आत्याने त्यातलं एक घरी आणलं. दोन हमालांनी ते चार जिने चढवलं, आणि वर पोहोचल्यावर त्यातला एक जण त्याच्यावरच डोकं टेकून बसला. यंत्र धडधाकट होतं, फक्त त्याचा ‘ळ’ गेलेला होता. कळ दाबली की दांडी अर्ध्यापर्यंत उठायची आणि कंटाळल्यासारखी परत आडवी व्हायची.

शाळेला सुट्टी होती. दादा, मी आणि पहिल्या मजल्यावरचे जुळे अशा आम्ही चौघांनी बिल्डिंगमध्ये नुसता उच्छाद मांडला होता. जिन्याच्या कठड्यावरून घसरून झालं होतं, दारांच्या घंटा वाजवून पळून झालं होतं. शेवटी एका संध्याकाळी तिघांच्या तक्रारी एकदम आल्या आणि आईने हात टेकले. आत्या नुकतीच ऑफिसातून आली होती. तिने पर्स खुंटीला लावली आणि आम्हाला समोर बसवलं.

“दिवसभर खालीवर हुंदडता ना? कुणाकडे काय चाललंय ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसेल. मग लिहून काढा. मी टाइप करते.”

“म्हणजे वर्तमानपत्र?” दादा म्हणाला.

“आता काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.”

दादाने तिथल्या तिथे नाव ठरवलं, ‘खालीवर’. तो चित्रं आणि कोडी करणार होता. जुळे क्रिकेटचे निकाल आणि हरवलं-सापडलं लिहिणार होते. बातम्या माझ्याकडे. आत्याने एकच नियम घातला. बातमी घेऊन आलं की ती चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, “कोणी पाहिलं?” ‘सगळे म्हणतात’ हे उत्तर चालायचं नाही. सगळ्यांपैकी एकाचं तरी नाव लागायचं.

दर बुधवारी संध्याकाळी ती स्टेन्सिलचा मेणकागद यंत्रात चढवायची. रिबन बाजूला सारायची, म्हणजे अक्षर शाईने न उमटता कागदात कोरलं जायचं. चुकलं की त्यावर गुलाबी औषधाचा थेंब लावायचा आणि फुंकर घालायची. त्या औषधाचा गोडसर, डोक्यात जाणारा वास अजून माझ्या नाकात आहे. ‘ळ’ आला की ती जागा मोकळी सोडायची. आणि त्या सगळ्या मोकळ्या जागा भरायचं काम टिकलीकडे होतं.

टिकली म्हणजे तळमजल्यावरच्या शिंपीकाकांची नात. सहा वर्षांची, शाळेत नुकतीच जायला लागलेली. तिला वाचता येत नव्हतं, पण आम्ही काहीतरी करतोय म्हटल्यावर ती जिन्यावरून हलायला तयार नव्हती. आत्याने तिला टोकदार लेखणी दिली आणि एकच अक्षर शिकवलं. टिकली जीभ बाहेर काढून, श्वास रोखून मेणकागदावर ‘ळ’ काढायची. काही जाडे, काही कलंडलेले, पण एकही सुटायचा नाही. बिल्डिंगमध्ये लोक तिला विचारायचे, “काय गं, या आठवड्यात किती?” आणि ती बोटांवर मोजून हिशोब सांगायची.

छापायचं यंत्र ऑफिसात होतं. त्यासाठी आत्याने साहेबांची रीतसर परवानगी घेतली. साहेब म्हणाले, “काही वाकडंतिकडं तर नाही ना?” आत्या म्हणाली, “पहिल्या पानावर मांजर हरवलंय.” साहेबांनी अट घातली की दर अंकाची पहिली प्रत आपल्याला मिळाली पाहिजे. चार आठवड्यांनी, मांजर सापडलं का, हे त्यांनी स्वतःहून विचारलं म्हणे.

शुक्रवारी आम्ही तीस अंक वाटायचो. शिंपीकाकांचं दुकान जिन्याखालच्या खोलीत. शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. काकांना अक्षरओळख नव्हती. मापाचे आकडे तेवढे यायचे. पण नातीचे ‘ळ’ आहेत म्हणून प्रत्येक अंक ते आरशाशेजारच्या खिळ्याला लावायचे आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचे, “हे वाकडे दिसतायत ना, ते आमच्या पोरीचे.”

अकराव्या अंकाच्या वेळी मला एक बातमी सापडली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नवे पडदे शिवून घेतले होते, पिवळ्यावर निळी फुलं. आणि मंगळवारी टिकली नवा फ्रॉक घालून आली, पिवळ्यावर निळी फुलं! मी खूश झाले. इतक्या दिवसांत एवढी मोठी बातमी हाती लागली नव्हती. मी लिहिलं: ‘दुसऱ्या मजल्यावरच्या पडद्यांचं कापड कुठे गेलं? पिवळ्या कापडावरची निळी फुलं तळमजल्यावर फिरताना दिसली. शिंप्याकडे कापड टाकताना सगळ्यांनी आधी मोजून घ्यावं.’

“कोणी पाहिलं?” आत्याने विचारलं.

“मी. स्वतःच्या डोळ्यांनी.”

त्या दिवशी ऑफिसात कामाचा ढीग होता. आत्याची बोटं सुजली होती. तिने मान हलवली आणि टाइप केलं. मग टिकली आली, त्याच फ्रॉकमध्ये, आणि तिने माझ्या बातमीतले सगळे ‘ळ’ भरले. पिवळ्या, निळी, तळमजल्यावर, सगळ्यांनी. मी शेजारी बसून बघत होते. मला काही वाटलं नाही, हे मला आजही सांगावं लागतं.

रविवारी सकाळी आत्या उशीचे अभ्रे शिवायला टाकायला खाली गेली, आणि पाचच मिनिटांत अभ्रे तसेच हातात घेऊन वर आली. तिचा चेहरा उतरला होता.

“अंक भिंतीवर लावलाय त्यांनी,” ती म्हणाली. “कालपासून माणसं येतात, भिंतीकडे बघतात, नंतर येतो म्हणतात आणि जातात. ते मला विचारत होते, बाई, माझं काही चुकलं का?”

मी म्हटलं, “आत्या, मी गुपचूप जाऊन काढून आणते.”

“आणि ज्यांनी वाचलंय त्यांच्या डोक्यातून कोण काढणार? चल.”

आम्ही दोघी खाली गेलो. काका कापडावर खडूने रेघ मारत होते. आत्या म्हणाली, “काका, या अंकात तुमच्याबद्दल लिहिलंय. ही वाचून दाखवेल.”

मी वाचलं. तीन वाक्यं होती, पण ती संपता संपेनात. काकांनी खडू खाली ठेवला.

“परत वाच.”

मी कसंबसं परत वाचलं. काका उठले, भिंतीजवळ गेले आणि कागदावर बोट ठेवलं.

“यातले हे आमच्या पोरीनेच काढलेत ना?”

मी मान हलवली.

“ते कापड पडद्यांतून उरलं होतं,” ते शांतपणे म्हणाले. “काकूच म्हणाल्या, तुकडा राहू द्या, नातीला काहीतरी शिवा. मला विचारायचं होतंस, बाळा. मी कुठे जातो? दिवसभर इथेच तर बसलेला असतो.”

मी रडायला लागले. काका ओरडले असते तर बरं झालं असतं.

“टाइप मी केलंय,” आत्या म्हणाली. “ती अकरा वर्षांची आहे, मी एकावन्न.”

“तुम्ही वाचलं नव्हतं?”

“नाही.”

“टाइप केलंत आणि वाचलं नाहीत? असं कसं होतं, बाई?”

“सवय आहे,” आत्या म्हणाली. “तीस वर्षं अक्षरं बघत आले. मजकूर साहेब लोकांचा असतो. आपण त्यात लक्ष घालायचं नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

काकांनी अंक खिळ्यावरून काढला, चार घड्या केल्या आणि मापाच्या वहीत ठेवून दिला. मग एवढंच म्हणाले, “पोरीला यातलं काही सांगू नका.”

तिथून आम्ही दुसऱ्या मजल्यावर गेलो. काकूंनी अंक वाचला होता. “मला वाटलं मुलांचा खेळ,” त्या म्हणाल्या. “उगाच कशाला मध्ये पडा?” जिना चढताना आत्याची पावलं दणदण वाजत होती.

माफी छापायची हे ठरलंच होतं. मी माझी चार ओळींची लिहिली. आत्या म्हणाली, मीही लिहिणार. जेवणं झाली की ती मधल्या खोलीत कागद घेऊन बसायची. जिची बोटं यंत्रावर दिसायची नाहीत इतकी भराभर चालायची, तिला दहा ओळींना तीन संध्याकाळी लागल्या. लिहायची, खोडायची, आईला विचारायची, “‘खेद’ बरं की ‘वाईट वाटलं’?” आई म्हणाली, “ताई, तुम्हाला वाईट वाटलंय ना? मग तेच लिहा.”

छापण्याआधी आम्ही ते काकांना वाचून दाखवलं. नवा नियमच झाला होता, ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी ऐकवायचं. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “माफी तीनदा आलीय. एकदा पुरे. दोन काढा, शिवण सरळ बसेल.” आत्याने दोन काढल्या.

साहेबांनी तो अंक वाचला आणि विचारलं, “हे कोणी लिहिलं?”

“मी,” आत्या म्हणाली.

“तुम्ही?” त्यांनी परत वाचलं. साहेबांचं लाल पेन टोपण काढून तयार असायचं, पण त्या कागदाला ते लागलं नाही. आत्याने घरी येऊन हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तिचे कान लाल झाले होते.

सगळं लगेच सुरळीत झालं नाही. काही गिऱ्हाइकं परतली, काही नाही. काकांनी माफीचा अंक भिंतीला लावला नाही. “चांगला आहे, पण भिंतीवर नको,” म्हणाले. दोन आठवडे खिळा रिकामाच होता. येता-जाता माझी नजर आधी तिथेच जायची. तिसऱ्या शुक्रवारी दादाने काढलेलं शिलाई मशीनचं चित्र आलं. चित्राखालची माहिती मी काकांसमोर बसून, एकेक गोष्ट विचारून लिहिली होती. तो अंक खिळ्यावर लागला, तेव्हा कुठे मला पोटभर जेवण गेलं.

त्या दिवसापासून आत्या आमच्या अंकात लिहायला लागली. दर आठवड्याला दहा ओळी, ‘तिसऱ्या खुर्चीवरून’ या नावाने. टायपिस्टच्या खोलीतल्या गोष्टी: एकीने डब्याऐवजी चुकून उशी आणली, यंत्रात झुरळ निघालं आणि अठराच्या अठरा जणी खुर्च्यांवर चढल्या, साहेबांच्या पत्रात ‘आपला विश्वासू’च्या जागी ‘आपला विसराळू’ झालं. लोक अंक उलटा धरून शेवटचं पान आधी वाचायला लागले. मी जळायचे, पण मीही तेच करायचे.

‘खालीवर’ तीन वर्षं चाललं. ते बंद करायचं असं कुणी ठरवलं नाही. दादा कॉलेजात गेला. जुळे खरंखुरं क्रिकेट खेळायला लागले आणि त्यांचे निकाल खऱ्या वर्तमानपत्रात यायला लागले. मला क्लास होते, मैत्रिणी होत्या, आरसा होता. टिकलीला आता सगळीच अक्षरं येत होती. बुधवारी आत्या कागद चढवून बसायची आणि आम्ही तिला “उद्या देतो” म्हणायचो.

एका शुक्रवारी बिल्डिंगमधल्या प्रत्येकाच्या, आमच्यासुद्धा, दाराखालून एक पान आत सरकलं. सगळं आत्याने एकटीने केलं होतं. पहिली बातमी अशी होती: ‘या आठवड्यात आमचे सर्व वार्ताहर एकदम मोठे झाल्याने बातम्या मिळू शकल्या नाहीत. त्यांच्या घरच्यांनी लक्ष ठेवावे.’ खाली तिच्या दहा ओळी. मी क्लासला निघाले होते. जिन्यातच बसून वाचलं, हसले आणि मग थोडा वेळ तिथेच बसून राहिले. क्लासला उशीर झाला.

पुढच्या बुधवारी यंत्रावर तिने शिवलेलं आच्छादन होतं. आत्याने त्यावरून आम्हाला कधी टोमणा मारला नाही. मात्र तिने एक जाड वही आणली आणि दर बुधवारी त्यात दहा ओळी लिहीत राहिली. निवृत्त झाल्यावरही, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावरही.

आत्या गेली त्याला आता सहा वर्षं झाली. तिच्या कपाटात साड्यांच्या घड्यांखाली अकरा वह्या निघाल्या. बिल्डिंगमधले जन्म, भांडणं, कुणाच्या पोराला पहिली नोकरी लागली, शिंपीकाकांनी दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी मशीनला तेल घालून मगच कुलूप लावलं, ते सगळं. दादा परगावी असतो. रविवारी त्याचा फोन येतो. इकडची तिकडची चौकशी झाली की तो म्हणतो, “हं, घे वही.” मी एक पान वाचते. फार वाचत नाही, एकच. अजून चार वह्या राहिल्या आहेत, आणि आम्हा दोघांनाही कसली घाई नाही.