गैरहजर माणसाचा वाटा

मी मोबाइलवरचे खेळ बनवणारा होईन असं कोणाच्या डोक्यात नव्हतं. माझ्या तर नव्हतंच. बारावीनंतर मी बाजारातल्या एका दुकानात फोन दुरुस्त करायचो. फुटलेल्या काचा आणि खारं पाणी शिरलेले फोन, एवढंच काम. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, गिऱ्हाईकही आटतं. असाच एकदा रिकामा बसलो असताना दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी एक खेळ बनवायला घेतला. विषय शोधावा लागला नाही. कुणकेश्वराच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावात रापण.

रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं, दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन रांगा करून ते ओढायचे. मासळी वाळूवर आली की तिचे वाटे पडतात. माझ्या खेळात आठ जण आपापल्या फोनवरून एकच जाळं ओढायचे. आमच्याकडे रेंजचा काही भरवसा नाही. ओढता ओढता एखाद्याची रेंज गेली, तरी त्याचा वाटा वाळूवर तसाच राहायचा. परत आला की त्याने उचलायचा. हे मी फार विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. याहून वेगळं काही करता येतं हेच मला सुचलं नव्हतं.

कारण आमच्या घरी तसंच चाललं होतं. त्याआधी दोन वर्षं बाबांची उजवी बाजू लुळी पडली होती. दोराला हात लावणं संपलं. तरी रापणीचा म्होरक्या, म्हणजे आमचा तांडेल, दर वेळी बाबांचा वाटा वेगळा काढायचा आणि आई टोपली घेऊन तो आणायची. तो कधी उपकाराची भाषा करत नसे, आम्हीही आभार मानत नसू.

इंटरनेटवर टाकलेला खेळ पुण्याच्या एका कंपनीतल्या प्रमुख बाईंनी पाहिला आणि मला बोलावलं. एसटीने नांदगाव गाठलं, तिथून पुण्याची गाडी. बाईंना खेळातलं पाणी आवडलं, दोराचा ताण आवडला. मग म्हणाल्या, "एक चूक आहे. खेळातून निघून गेलेल्यालाही मासे मिळतात."

"तो गेलेला नाही, मॅडम. त्याची रेंज गेलीय."

"आपल्याला दोन्ही सारखंच. उद्या लोक थोडं ओढतील आणि फोन ठेवून देतील. आठ दिवसांत दुरुस्त करून पाठवा. मग नोकरीचं बोलू."

मला राग आला. पण नोकरी हवी होती. फार हवी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. तिशी जवळ आली होती आणि काचा बदलून बदलून मला वीट आला होता.

चौथ्या दिवशी गावात रापण लागली. मीही दोर ओढला. वाटे पडले, त्यात बाबांचाही. मी तांडेलाला विचारलं, "काका, बाबा दोन वर्सां येवक नाय. हो वाटो अजून किती दिवस?"

त्याने मी काहीतरी वावगं बोललो असल्यासारखं बघितलं. "तो येतलो मां!" म्हणाला आणि पुढचा वाटा घालायला वाकला.

बाबा येणार नव्हते. हे त्यालाही ठाऊक होतं.

तिथून मी दुकानात गेलो आणि दुरुस्ती केली. एका ओळीचं काम. रेंज गेली की तीस सेकंद थांबायचं, मग तो वाटा बाकीच्यांत वाटून टाकायचा. दहा घातले असते तर मलाच लाज वाटली असती, आणि पाच मिनिटं घातली असती तर बाई नाही म्हणाल्या असत्या. म्हणून तीस. दुसऱ्याच दिवशी बाईंचा होकार आला. आईने देवापुढे नारळ ठेवला.

आता मी पुण्यात असतो. खेळ बाजारात आला, बरा चालतो. यंदा शिमग्याला घरी गेलो तेव्हा बाबा अंगणात खुर्ची टाकून डाव्या अंगठ्याने तो खेळत होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच रापण ओढत होते. मला बरं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर अभिमान वाटला. मी शेजारी बसलो. जाळं जवळ आलं आणि रेंज गेली. बाबा फोन हातात धरून तसेच थांबले. रेंज आली तेव्हा वाळूवर सात वाटे होते.

"माझो वाटो खंय गेलो रे?" त्यांना अजूनही सावकाशच बोलता येतं.

"रेंज गेली, बाबा."

"पण मी हयच आसंय मां."

तीस हा आकडा मीच घातला, हे माझ्या तोंडून निघालं नाही. दुपारी ताटात तळलेले बांगडे होते. सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती, आणि आई टोपली घेऊन बाबांचा वाटा आणायला गेली होती. मी दोन बांगडे खाल्ले.