द्वारकाबाईबद्दल मी जे लिहून दिलं

एक्याण्णव सालच्या मे महिन्यात मी घर सोडलं, तेव्हा बाबांनी माझ्या सामानाची यादी केली होती, दोन प्रतींत. ट्रंक एक, वळकटी एक, रॉकेलचा स्टोव्ह एक, टेबलफॅन एक, जाळी डाव्या बाजूला चेपलेली. हे सगळं ठाण्याला एसटीच्या टपावर चढवून आम्ही दोघं शिळफाट्यामार्गे डोंबिवलीच्या मानपाड्याला उतरलो. तिथे लेले काकूंच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहणार होते. बाबांनी यादी पुढे केली आणि सामान पोचल्याची सही मागितली. काकूंनी सही केली आणि हसू आवरेना म्हणून चहाचं निमित्त करून आत गेल्या.

बाबा ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. निघताना त्यांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही, आमच्याकडे ती पद्धत नव्हती. "काही झालं तर वाद घालू नकोस. लेखी दे," एवढंच म्हणाले आणि यादीची आपली प्रत खिशात नीट घडी करून ठेवत बसथांब्याकडे गेले.

ठाण्याहून डोंबिवलीला जाणं म्हणजे काय घर सोडणं, असं तुम्ही म्हणाल. माझ्या कॉन्व्हेंटच्या वर्गातल्या दोघी लग्न करून न्यू जर्सीला गेल्या, एक मस्कतला. त्यांच्या पत्रांतून बर्फ असायचा, वाळू असायची, आईच्या हातच्या वरणाची आठवण असायची. मला काय उत्तर लिहावं ते कळायचं नाही. वाटलं तर तासाभरात मीही आईच्या हातचं वरण खाऊन आले असते. पण जिथे आपली भाषा आणि आपली वागण्याची रीत चालत नाही, तिथे आपण गेलोच की, अंतर कितीही असो. म्हणून आज तुम्हा सगळ्यांना एकत्रच लिहितेय, लांब गेलेल्यांना आणि ठाण्यात राहिलेल्यांनाही.

आमच्या घरात कोणी आवाज चढवत नसे. मतभेद झाला की चिठ्ठी. मला कॉमर्सऐवजी सायन्सला जायचं होतं तेव्हा मी बाबांच्या पेनस्टँडखाली पत्र ठेवलं होतं. सकाळी ते परत माझ्या दप्तरावर होतं, समासात बारीक अक्षरात शेरा: 'हरकत नाही.' शाळेत तर काय, इंग्रजीत निबंध लिहिणाऱ्या मुलीला कोणी बोलायला लावत नसे. बाई म्हणायच्या, शी एक्स्प्रेसेस हरसेल्फ ऑन पेपर. मला ते कौतुक वाटायचं. बी.एस्सी. होईपर्यंत मी अशीच, अंग चोरून, कागदाच्या आड राहिले.

मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधाच्या कारखान्यात मला पॅकिंगची सुपरवायझर म्हणून नोकरी लागली. पहिली पाळी सातची, ती ठाण्याहून गाठणं जमेना, म्हणून ही खोली. पॅकिंग हॉलमध्ये एका लांब टेबलापाशी बारा बायका बसत. मशीनमधून गोळ्यांच्या पट्ट्या येत. एखादा कप्पा रिकामा आहे का, एखादी गोळी तुटलेली आहे का, हे बघून पट्टी पुढे सरकवायची. मी बावीस वर्षांची. बारांपैकी नऊ जणी माझ्याहून मोठ्या होत्या आणि सगळ्या एकाच वेळी बोलत.

पहिल्याच आठवड्यात एक मुलगी दोनदा उशिरा आली. तिला सर्वांसमक्ष बोलणं मला असभ्य वाटलं. मी एक चिठ्ठी लिहिली, इंग्रजीत, अतिशय नम्र, आणि तिच्या हातात दिली. मुलगी रडायलाच लागली. मला कळेना. मग टेबलाच्या मधोमध बसलेली एक पन्नाशीची बाई उठली. तिने ती चिठ्ठी घेतली, न वाचताच घडी करून कमरेला खोचली आणि मला बाजूला नेलं. या हॉलमध्ये कागद फक्त कामावरून काढून टाकायचं असेल तेव्हा येतो, हे तिने मला समजावलं. "जे सांगाचं हाय ते तोंडानी सांग, बाय," ती म्हणाली. "शिव्या घाल वाटलं तं. पन कागुद नको."

ती द्वारकाबाई. दिवा गावाकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. खाडीत मासळी उरली नाही तशा तिच्या वाड्यातल्या चार-पाच बायका कंपन्यांमध्ये आल्या होत्या. बाकी सगळ्या मला मॅडम म्हणत, ती 'बाय' म्हणे. मी तिला अहो-जाहो करायचे त्याची हॉलमध्ये थट्टा व्हायची.

त्या टेबलाची सुपरवायझर कागदोपत्री मी होते, खरी ती होती. कुणाचं पोर तापलंय, कोण आज उभी राहू शकत नाही, कुणाचं कुणाशी बिनसलंय, हे तिला पाळी सुरू व्हायच्या आधी ठाऊक असे आणि त्याप्रमाणे ती बायकांच्या जागा बदलायची. मला विचारायची नाही, सांगायची. भांडण लागलं तर दोघींना समोरासमोर उभं करून बोलायला लावायची. पाच मिनिटं हॉल दणाणायचा आणि संपायचं. मी खिडकीशी उभी राहून बघायचे. मला ते रानटी वाटायचं, आणि मला ते हवंही होतं.

दोन वर्षांनी माझ्या लक्षात आलं की द्वारकाबाईला दिसत नाही. म्हणजे नीट दिसत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना नेहमी त्याच दोघी बसत, सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या. तिने सरकवलेली पट्टी त्यांच्यातली एक पुन्हा बघे आणि मगच पुढे जाऊ देई. तिच्या हातून काही सुटलेलं बाहेर जात नव्हतं. हे सगळं एक अक्षर न बोलता चालायचं आणि मीसुद्धा बोलले नाही. औषध होतं ते, काही चिंचा-बोरं नव्हती. मी विचारायला हवं होतं. रोज ठरवायचे, आज विचारू, आणि पाळी संपायची.

त्याच सुमारास कंपनीने आम्हा चार सुपरवायझरांना नेतृत्वाच्या कोर्सला पाठवलं. ठाण्यात, सहा शनिवार. दुपारी मी घरी जेवायला जायचे. तोवर दादाचं लग्न झालं होतं आणि माझ्या पलंगाच्या जागी वहिनीचं कपाट आलं होतं. बाबा रिटायर झालेले. आई ताट वाढताना म्हणायची, पाहुणी आल्यासारखी काय बसतेस. पण ताट पाहुण्यांचंच असायचं.

कोर्सचे सर टाय लावून मंचावर येरझाऱ्या घालत. दुसऱ्यांना पुढे न्यायचं तर आधी स्वतःला ओळखा, असं ते सांगायचे. आपली भीती कुठे आहे, आपण काय टाळतो, हे रोज संध्याकाळी वहीत लिहायचं. आपल्या हाताखालच्या माणसांबद्दलही लिहायचं. बाकीचे तिघं कंटाळले. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या भाषेत प्रश्न विचारला होता. सहा आठवडे मी रोज लिहिलं. लेले काकू विचारायच्या, एवढं काय लिहितेस गं, प्रेमपत्रं का.

मी लिहिलं की मला माणसांची भीती वाटते. मी लिहिलं की माझं टेबल मी नाही, डी. चालवते, आणि नेतृत्व म्हणजे काय ते मी तिच्याकडून शिकतेय. मी लिहिलं की तिची दृष्टी अधू झाली आहे, शेजारच्या दोघी तिचं काम तपासून घेतात, आणि हे तीन महिने माहीत असून मी गप्प आहे, कारण मी भित्री आहे. ते सगळं माझ्याबद्दल होतं. निदान मला तसंच वाटत होतं. द्वारकाबाई त्यात माझ्या भित्रेपणाचा दाखला म्हणून आली होती.

वह्या गोळा केल्या गेल्या. त्या फक्त सर वाचतील असं कोणी म्हटलं नव्हतं. मीच धरून चालले होते. कागदावर विश्वास ठेवायचं मला घरून शिकवलेलं.

वह्या आमच्या मॅनेजरसाहेबांकडे आल्या. त्यांनी मला बोलावून माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, असं लिखाण आपण पाहिलं नाही म्हणाले. मी लाजले. मला आनंद झाला होता, हेही लिहून टाकते. मग त्यांनी शिपायाला सांगून द्वारकाबाईला आत बोलावलं.

ती पदराला हात पुसत आली आणि माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं असेल, बायने कायतरी चांगलं केलं. साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. ती म्हणाली, मना वाचता येत नाय साहेब. बरं, चित्र कसलं आहे? ती बघत राहिली. चित्र बैलगाडीचं होतं, चांगलं मोठं. ती म्हणाली, देव हाय कोनतरी.

साहेब वाईट माणूस नव्हते. नियमाने ते बरोबरच होते. ते मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगा. तुमचं निरीक्षण आहे. काय करायचं यांचं?"

त्यांनी मला खरंच विचारलं होतं. आजही मला ते वाक्य पाठ आहे जे मी बोलायला हवं होतं. साहेब, मोतीबिंदू असेल, यांना महिनाभर सुट्टी द्या, ऑपरेशन करून येतील, तोवर डोळ्यांचं नसलेलं काम द्या, खोकी बांधायला बसवा, आणि या नसल्या तर माझं टेबल चालणार नाही. एवढंच. एका दमात बोलून होतं. द्वारकाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला माझं तोंड किती दिसत होतं कोण जाणे.

मी म्हणाले, "मी उद्या लिहून देते, सर."

साहेबांनी माझी वही उचलून टेबलावर ठेवली. लिहून दिलेलंच आहे की, म्हणाले.

द्वारकाबाईने वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. "मना वाचता येत नाय," ती हळू म्हणाली, "पन माज्यावर कोन लिवतंय तं कलतं." आणि आपला डबा घ्यायला निघून गेली. ती रोजावर होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गेटवर तिला आत सोडलं नाही. तिच्यासाठी कागदसुद्धा काढावा लागला नाही.

मला बढती मिळाली. सर्टिफिकेट मिळालं, बाबांनी ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. हॉलमधल्या बायका मला मॅडमच म्हणत राहिल्या, पण मी सांगेन त्या जागेवर बसू लागल्या, आणि सगळ्या एकाच वेळी बोलणं बंद झालं. मी आत आले की पट्ट्यांचा आवाज तेवढा यायचा. साहेबांना ती शिस्त वाटली. एकदा कोर्सचे सर भेट द्यायला आले आणि किती बदललं म्हणाले. खरंच बदललं होतं. भांडण लागलं की दोघी मला लेखी तक्रार देत.

वर्षभर मी द्वारकाबाईकडे गेले नाही. मग एका रविवारी गेले. दिव्याला तेव्हा खाडीच्या कडेकडेने चाळी उठत होत्या, पाण्याच्या टँकरपाशी हंड्यांची रांग. तिचं घर विचारलं तर एक बाई म्हणाली, तू ती लिवनारी का? वाड्याला मी आधीच ठाऊक होते.

द्वारकाबाई अंगणात सुका जवळा निवडत बसली होती. तिने लांबूनच मला ओळखलं. मोतीबिंदूच होता. एका शिबिरात फुकट ऑपरेशन झालं होतं आणि आता तिला जवळ्यातला बारीक खडासुद्धा दिसत होता. ती कंपनीच्या गेटवर जाऊन तसं सांगून आली होती. भरती बंद आहे, म्हणाले होते.

मी माफी मागायला सुरुवात केली, अडखळले. तिने थांबवलं नाही, मदतही केली नाही. माझं संपल्यावर ती बोलली, अर्धा तास तरी, शेजारपाजार जमा झाला तरी. सुनेचं काय काय ऐकून घ्यावं लागलं, नातवाची शाळा कशी सुटली, हॉलमधल्या बायका तिच्या दारात येऊन रडल्या, आणि हा हलकट जवळा किती टोचतो. शिव्याही दिल्या. मी उभी होते. बस म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, आता जा, पाणी यायची वेळ झाली.

मी पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. मग जात राहिले. नोकरी मी सोडली, आता डोंबिवलीत एका शाळेत शिकवते. वर्गात बोलावं लागतं. जमतं. मुलांना मी अजून चिठ्ठी दिलेली नाही. तिकडे कोर्सच्या जाहिराती रोज पेपरात येतात, स्वतःला ओळखा आणि पुढे जा. मी स्वतःला चांगली ओळखत होते. सहा आठवडे रोज ओळखत होते, सुंदर इंग्रजीत. फक्त ते ओळखणं मी दुसऱ्या बाईच्या जिवावर केलं.

हा मजकूर मुद्दाम मराठीत लिहिला आणि कुठे पाठवायच्या आधी तिला वाचून दाखवला. ती हात न थांबवता ऐकत होती. दोन ठिकाणी म्हणाली, हे खोटं हाय, आणि मी ते काढलं. बैलगाडीपाशी हसली. साहेबांच्या केबिनपाशी येऊन मी थांबले, तर म्हणाली, वाच, आता कं झालं. संपल्यावर तिने हात झटकले.

"बरं लिवतंस," ती म्हणाली. "तवा एवडं बोलली असतीस तं मी अजून टेबलावर असती."

ठाण्याच्या घरी आता मी दिवाळीला जाते. सगळे छान वागतात, ताट पुढे येतं, भिंतीवर सर्टिफिकेट आहे. कोणी मला वाकडा शब्द बोलत नाही आणि मी काय केलं ते कोणाला माहीतही नाही. महिन्यातल्या एका रविवारी मी दिव्याला जाते. तिथे ते लहान पोरांनाही माहीत आहे. द्वारकाबाई अजून मला बस म्हणत नाही. जवळ्याने भरलेलं सूप मात्र माझ्याकडे सरकवते, आणि मी उंबऱ्याशी खाली बसून खडे निवडते. मला घर कुठलं विचाराल तर मी तो उंबरा सांगेन. तो माझा आहे असं तिथे कोणी म्हटलेलं नाही.