दाराखालचा ओला टॉवेल

वासाने जुनं सगळं आठवतं, असं लोक फार प्रेमाने सांगतात. मीही ते खरं मानलं होतं.

चाळीतून मुलुंडच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा आमच्या मजल्यावर मासे खाणारे आम्ही एकटेच. पहिल्याच रविवारी आईने सुकट भाजली. सुकटीचा वास कोणाच्या बापाचं ऐकत नाही, तो जिन्यापर्यंत गेला. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. वाईट काही बोलले नाहीत, फक्त बोलताना नाकाला रुमाल लावून उभे राहिले. तो रुमाल मला झोंबला. त्यांना काही म्हणायची हिंमत नव्हती, मग वड्याचं तेल वांग्यावर. "लाज आणलीस तू. अजून चाळीत राहतो का आपण?" मी आईवर ओरडलो. ती "बरां, झिला" एवढंच म्हणाली आणि तवा घासायला घेतला.

त्यानंतर ती मी ऑफिसला गेल्यावरच सुकट भाजायची. खिडक्या बंद, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल, वर दोन उदबत्त्या. अंधेरीहून घरी आलो की मी उदबत्तीवरूनच ओळखायचो आणि पुन्हा तिला बोलायचो. पुढे तिने सुकट सोडूनच दिली. मला बरं वाटलं होतं, आता खोटं कशाला सांगू?

गेल्या वर्षी तिची स्मरणशक्ती जायला लागली. आधी आमटीत दोनदा मीठ, मग घराचा मजला, मग मी. ती मला 'भाऊ' म्हणायला लागली, वाटेतल्या अनोळखी माणसाला म्हणावं तसं. मुलाला मारायची ती मालवणी हाक, 'झिला', ऐकून आठ महिने झाले होते. त्या एका शब्दासाठी मी काहीही केलं असतं. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे वास देऊन बघा, कधीकधी फरक पडतो. बायको म्हणाली, "मग सुकट भाज ना. वाट कसली बघतोयस?"

रविवारी दुपारी मी स्वतः तवा चढवला. खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. ज्याला नाक धरायचं त्याने खुशाल धरावं, एवढा शहाणपणा मला वीस वर्षं उशिरा आला. आई हॉलमध्ये खुर्चीत बसली होती. वास पोचला तशी तिची मान वर झाली. तिच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. मला रडूच यायला लागलं.

ती भिंत धरून उठली. भराभर खिडक्या लावत सुटली. बाथरूममधून टॉवेल भिजवून आणला, दाराशी कशीबशी खाली बसली आणि फटीत तो कोंबायला लागली. मी सावरायला गेलो तर तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"भाऊ, गॅस बंद कर बेगीन," ती दबक्या आवाजात म्हणाली. "माझो झील येतलो आता. माका बोलतलो."

मी गॅस बंद केला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली होती, तीही लावली.