हुंगलेली फुलं आणि अकरा तबकड्या

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फार होतील, आणि अक्षरही वाळत घातलेल्या मिरच्यांसारखं इकडे-तिकडे पडतं. त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर हातातली पाटी गेली आणि हार ओवायची सुई आली. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून ठेवते, कारण बोलायच्या आधी माफी मागायची मला सवय आहे. एका माणसाची मात्र मी कधी मागितली नाही. त्याच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं माहेर. मोर्णा नदीच्या काठी बापाचा फुलांचा मळा होता. लग्नाचे हार आमच्याकडून जायचे, म्हणून लग्नात भोंगा लावणाऱ्या माणसाशी बापाची दोस्ती होती. तो मूळचा बार्शीटाकळीचा. झिजलेल्या, खरखरणाऱ्या गाण्याच्या तबकड्या तो फेकून द्यायचा, त्या मी मागून घ्यायची. त्याच्याकडचा चाबी भरायचा जुना बाजा बापाने एका लग्नसराईच्या हारांच्या बदल्यात माझ्यासाठी घेतला.

गोड गाणी मला कधी आवडली नाहीत. मला आवडायचा डफ, संबळ, चौघडा, गळा फाडून म्हटलेली कव्वाली, आणि फडातली ती लावणी, जिच्यात ढोलकीवाला बाईला गाऊच देत नाही. मी स्वतः दाराआडून बोलणारी. बहुतेक त्याचमुळे असेल, कोणी तरी माझ्या वतीने ओरडून राहिलं आहे असं वाटायचं. आई म्हणायची, "कपाळ उठलं माय माझं. भांडे आपटाचे तर मीच आपटतो, त्याले बाजा कायले पाह्यजे?"

लग्न होऊन अमरावतीला आले. देवीच्या देवळाच्या रस्त्यावर आमचं फुलांचं दुकान. नवरा सरळ माणूस, कान मात्र माझ्या आईचेच. मी बाजा लावला की तो दुकानात निघून जायचा. पण हार ओवण्याचे माझे पैसे त्याने कधी मागितले नाहीत, आणि मी त्या पैशांच्या तबकड्या घेतल्या. कबाड्याकडून, मोडलेल्या तमाशाच्या फडाकडून, एकदा तर नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात डाळीच्या पोत्याखालून. नवे पैसे सुरू झाले तोवर माझ्याकडे पन्नासेक झाल्या होत्या.

मग मी एक मूर्खपणा केला. तो माळ्याच्या घरातच होऊ शकतो. वैशाखात आमच्याकडे लाखेची तबकडी वाकून ताटलीसारखी होते. फुलं टिकवायची तर आम्ही टोपलीत ठेवून वरून ओलं पोतं टाकतो. मी तबकड्यांनाही तसंच केलं. सकाळ-संध्याकाळ पोत्यावर पाणी शिंपडलं. महिन्याभराने उघडून पाहिलं तर एकही वाकली नव्हती, पण मधले गोल कागद सगळे कुजून सुटले होते. गाण्याचं नाव नाही, गाणाऱ्याचं नाही. कडेला कोरलेले आकडे होते, त्यांतून मला काय कळणार! चिठ्ठ्या लिहून चिकटवाव्या, तर माझं अक्षर कोणी पाहील याची लाज.

म्हणून मी रेघा वाचायला शिकले. तबकडी खिडकीच्या उजेडात तिरपी धरायची. नुसतं तुणतुणं वाजतं तिथे रेघा काळ्याभोर, तुळतुळीत. डफ घुमतो तिथे त्या नागमोडी होतात आणि सुईने खाऊन राखाडी पट्टा पडलेला असतो. कव्वालीत टाळ्या सुरू झाल्या की बारीक-बारीक खवले दिसतात. पावसाळा संपेपर्यंत मला पन्नासच्या पन्नास बाजा न लावता ओळखू येऊ लागल्या. पोरीबाळी चेहऱ्यावरून ओळखाव्या तशा.

आता तो माणूस. आमच्या गल्लीपलीकडे एक वकील राहायचे. त्यांच्या घरी देवपूजेच्या फुलांची पुडी रोज आमच्याकडून जायची, बहुतेक मीच पोचवायची. त्यांना गाण्याचा शौक. दर रविवारी सकाळी बैठकीत कॉलेजातले प्रोफेसर, डॉक्टर, असे पाच-दहा जण जमायचे, वकीलसाहेब रेकॉर्ड लावायचे आणि तिच्याबद्दल भाषण द्यायचे. नवऱ्याच्या तोंडून माझ्या तबकड्यांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली, आणि एका दुपारी ते स्वतः दुकानावर आले.

"काय गं, तुझ्याकडे म्हणे डफ-संबळाच्या रेकॉर्डी आहेत? गणपतीत लोकगीतांचा कार्यक्रम करतोय. दे चार दिवस."

एवढा मोठा माणूस माझ्याकडे काही मागतो, याचंच मला केवढं वाटलं. निवडून सव्वीस दिल्या. टोपलीत केळीची पानं घालून स्वतः डोक्यावर नेऊन दिल्या.

गणपती गेले, दसरा गेला. दिवाळीच्या आधी मी धीर करून विचारलं. वकीलसाहेब पायरीवर उभे होते, मी खाली अंगणात.

"कोणत्या रेकॉर्डी?"

"त्या जी, माह्या. गणपतीत नेल्या होत्या त्या."

"माझ्याकडे शेकड्यांनी आहेत, बाई. तुझ्या कुठल्या? नाव आहे? कागद आहे? पावती?"

"कागद कुजले जी."

ते हसले. आत बायकोला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? माळणीचा पुरावा कुजला!"

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "वकिलासंग कोन भांडन? रोजची पुडी जाईन हातची. जाऊ दे वं, तसाही कलकलाटच होता तो."

त्या रात्री मी जेवले नाही, पण सकाळी पुडी बांधायला बसले. आमच्यात लहान लेकरालाही शिकवतात, की देवाचं फूल हुंगू नये. हुंगलेलं फूल उष्टं, ते देवाला चालत नाही. मोगऱ्यात बसून आमचा जन्म जातो, पण विकायचं फूल आम्ही नाकाजवळ नेत नाही. त्या सकाळी मी वकिलाच्या पुडीतली शेवंती उचलली, नाकाला लावली आणि पोटभर वास घेतला. मग मोगरा, एकेक कळी. मग दूर्वासुद्धा, त्यांना वास नसतो तरी. पुडी बांधली आणि नेऊन दिली. वकीलसाहेब सोवळं नेसून वाट पाहत होते.

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. पुढे तीन वर्षं त्यांच्या देव्हाऱ्यात एकही फूल मी न हुंगता गेलं नाही. सत्यनारायणाला, मुलाच्या मुंजीला, वडिलांच्या श्राद्धाला. मुंजीला पाच शेर फुलं होती, वास घेऊन-घेऊन माझं डोकं भणाणलं, पण एक सोडलं नाही. देवाला मी रोज मनात सांगायची, तुझ्यावर राग नाही, तू आमच्याकडे ये, इथे चांगली फुलं आहेत. पाप लागेल ही भीती वाटायची. वाटायची, तरी पुढचं फूल उचलायची.

तिसऱ्या वर्षी चुलतभावाच्या लग्नाला अकोल्याला गेले. मांडवात भोंगा वाजत होता. मी ओसरीत भाज्या निवडत बसले होते आणि संबळ सुरू झाला. माझा हात थांबला. या संबळात मधे एक ठिकाणी सुई अडकते आणि तोच ठोका चारदा वाजतो, हे मला ठाऊक होतं. मी मनात मोजू लागले, आणि ठीक त्याच जागी सुई अडकली. एक, दोन, तीन, चार, आणि सुटली.

भोंगेवाला तोच जुना, बार्शीटाकळीचा. मी त्याच्याकडे गेले.

"काका, हे तबकडी कोठून आनली?"

"काहून वं? अमरावतीच्या एका वकिलानं देल्ली. अकरा घेतल्या. सहा-सहा रुपये मोजले, सासष्ट रुपये! कागद नाई, काई नाई, पन आवाज पाह्य, मांडव फाटून राह्यला."

"माह्या हायेत त्या."

त्याने भोंग्याचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "असतीन बाई. पन मी पैसे देल्ले, आन् याच्यावर माहं पोट हाये. वापस मांगू नको." मी मागितल्या नाहीत. त्याचा काय दोष? पण परत येताना मोटारीत मी एकच विचार करत होते, की वकिलाला पैशांनी दुखत नाही, मग कशाने दुखतं.

पुढच्या रविवारी मी पुडी मुद्दाम उशिरा नेली. बैठक भरली होती. मी नेहमीप्रमाणे दाराशी उभी राहिले. वकीलसाहेबांच्या हातात माझी तबकडी होती. खिडकीचा उजेड पडला होता, त्यात मी ती दारातूनच ओळखली.

ते सांगत होते, "ही मी खानदेशातून मिळवली. फार कष्टाने. तिकडचा डफ असा असतो, ऐका." बाजा वाजला, सगळ्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारे प्रोफेसर होते, त्यांनी विचारलं, "मागच्या बाजूला काय आहे हो?"

वकीलसाहेबांनी तबकडी उलटी केली, सुलटी केली. "तसंच काहीतरी. डफच."

माझं तोंड कसं उघडलं ते मला आजही सांगता यायचं नाही. "डफ नाई जी," मी म्हणाले. "मांगून सनई हाये. शेवटी सनईवाल्याले खोकला येते."

सगळे वळून पाहू लागले. वकीलसाहेब म्हणाले, "पुडी आत दे आणि जा तू." पण प्रोफेसरांनी तबकडी त्यांच्या हातातून घेतली आणि लावली. सनई निघाली. शेवटी सनईवाला खोकला. डॉक्टर असे हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला.

"येता-जाता ऐकलं असेल तिने," वकीलसाहेब म्हणाले.

"मग उलटतपासणी करू या," असं म्हणून प्रोफेसरांनी बिनकागदाच्या ढिगातून एक काढून माझ्या हातात दिली. "ही कोणती, बाई?"

मी दारातच ती उजेडात तिरपी धरली. "कव्वाली. आधी एकटाच गाते, आवाज बसलेला. इथून टाळ्या." मी बोट ठेवून जागा दाखवली. त्यांनी सुई नेमकी तिथे टेकवली आणि टाळ्या वाजल्या. दुसरी दिली. तिसरी दिली. सात झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचा साक्षीदार काही फुटत नाही."

"माह्या हायेत," मी म्हणाले. "सव्वीस नेल्या चार दिवसांसाठी. पंधरा इथं हायेत. अकरा अकोल्याच्या भोंगेवाल्याले सासष्ट रुपयाले विकल्या."

आतून वकिलीणबाईंचा आवाज आला, "अहो, त्या पैशांचीच का ती नवी छत्री?" त्यांना बिचाऱ्यांना बाहेर काय चाललं आहे ते माहीत नव्हतं.

वकीलसाहेबांचा चेहरा मी नीट पाहून घेतला. घाई केली नाही. ते म्हणाले, "अगं, एवढंच ना? घेऊन जा तुझ्या पंधरा. आणि हे सहासष्ट रुपये, आत्ता देतो." खिशात हात घातला.

"आत्ता नको जी," मी म्हणाले. "मयन्याले सहा. एका मयन्याले एका तबकडीचे. पुनवेच्या दिवशी, दुकानावर. तुमी सोता या."

"हा काय वेडेपणा! एकदम देतो म्हणतोय ना?"

"एकदम घेत नाई मी."

प्रोफेसर गालातल्या गालात म्हणाले, "सावकाराने हप्ते मागितलेले प्रथमच पाहतोय. वकीलसाहेब, अट कबूल करा. पौर्णिमेला आम्हीही देवळात येतोच."

पंधरा तबकड्या मी त्याच टोपलीत घेऊन घरी आले. हुंगणं मात्र थांबवलं नाही. अकरा बाकी होत्या, त्या फिटेपर्यंत तेही चालणार होतं.

पौर्णिमेला देवळाच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. पहिल्या महिन्यात वकिलांनी कारकुनाच्या हाती पैसे पाठवले. मी परत पाठवले. तासाभराने ते स्वतः आले, गर्दीत बाया-बापड्यांच्या मागे उभे राहिले. नवरा घाबरून म्हणाला, "साहेबाले पुढं येऊ दे वं." मी म्हटलं, "हाराचं गिऱ्हाईक आधी." त्यांचा नंबर आला तेव्हा मी सहा रुपये घेतले आणि मोठ्याने म्हणाले, "हे संबळाचे. अडकते तिचे."

दुसऱ्या महिन्यात, "हे चौघड्याचे." तिसऱ्यात, "हे डाळीच्या पोत्याखालच्या लावणीचे." आजूबाजूच्या बाया विचारायच्या, काय वं, साहेब काय घेऊन राह्यले? मी सांगायची, घेत नाहीत, देतात. पावसाळ्यात ते ती नवी छत्री न घेता भिजत आले. एकदा ताप असताना आले, अंगावर घोंगडी होती. नवरा म्हणाला, "आता तरी पुरे कर." माझं मन द्रवलं नाही. मला वाटलं होतं द्रवेल, मी वाट पाहिली, पण नाही. त्या तबकड्या दुसऱ्याच्या भोंग्यावर झिजून चालल्या होत्या, आणि मला त्या परत मिळणार नव्हत्या. पैशाचं मी काय करणार होते? नवऱ्याला सदरे शिवले, बाज्याच्या सुयांची एक नवी डबी घेतली.

अकराव्या पौर्णिमेला ते आले तेव्हा रांग लांब होती. ते गुपचूप तिच्या शेवटी उभे राहिले, कोणी सांगायची गरज पडली नाही. केस बरेच पांढरे झाले होते. माझ्यासमोर आल्यावर त्यांनी पाचाची नोट आणि एक रुपया झेंडूच्या परडीवर ठेवला आणि स्वतःच म्हणाले, "कोणत्या रेकॉर्डीचे हे?"

"डफावरच्या पोवाड्याचे," मी म्हणाले. "सगळ्यात मोठा आवाज होता तिचा."

"झाले ना सगळे?"

मी नोट उजेडात धरून पाहिली, रुपया वाजवून पाहिला, आणि म्हणाले, "झाले. सासष्ट फिटले. मांगच्या माणसाले पुढं येऊ द्या."